निरपराध शब्दांची वही

पंपाच्या गळतीवर मी 'एंडल्योझुंग' सुचवली, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. पुण्याजवळच्या एका कारखान्याचा जर्मन पत्रव्यवहार तेव्हा माझ्याकडे असे. पंपाचं सील दर दोन महिन्यांनी जायचं. इथल्या इंजिनिअर मंडळींनी शेवटी डोकं लढवून कायमचा उपाय शोधला आणि तो तिकडे कळवायचं काम माझ्याकडे आलं. 'एंडे' म्हणजे शेवट, 'ल्योझुंग' म्हणजे उत्तर, तोडगा. जर्मनमध्ये शब्दाला शब्द चिकटवला की नवा शब्द तयार होतो, हे पहिल्या वर्षाला शिकलेलं डोक्यात पक्कं. दिला चिकटवून. तोही मेलच्या विषयाच्या ओळीत.

दुपारी फोन आला. एरवी खणखणीत आवाजात बोलणारे तिकडचे जर्मन गृहस्थ त्या दिवशी हळू बोलत होते. "उपाय चांगला आहे. पण हा शब्द आम्ही वापरत नाही. कशासाठीच नाही." मी विचारलं, व्याकरण चुकलं का? पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "व्याकरण अगदी बरोबर आहे."

ज्यूंच्या संपूर्ण संहाराला नाझी कचेऱ्यांनी दिलेलं ते नाव. मला इतिहास ठाऊक नव्हता असं नाही. पण तो मी इंग्रजीत वाचला होता, 'फायनल सोल्यूशन' म्हणून. मूळ शब्द कधी समोर आलाच नव्हता. तो माझ्या हातून तयार झाला, माझ्याच व्याकरणानं, पंपाच्या गळतीसाठी. त्या संध्याकाळी मी एक शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर तो शब्द लिहिला. हेतू निव्वळ धंद्याचा होता. कोणते शब्द वापरायचे नाहीत त्याची यादी हाताशी असावी, एवढाच. पाच-पंचवीस शब्द होतील, पान-दोन पानं भरतील, असा हिशेब होता.

हा हिशेब माझ्याआधी कितीतरी जणांचा चुकलेला होता, हे मागाहून कळलं.

त्यातला सगळ्यात मोठा माणूस व्हिक्टर क्लेम्पेरर. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवणारे प्राध्यापक. वडील रब्बी. स्वतः प्रोटेस्टंट झालेले, पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूनं लढलेले, मनानं पुरते जर्मन. १९३५ मध्ये नोकरी गेली. मग ग्रंथालय बंद, मग घर गेलं, टाइपरायटर गेला. ज्यूंनी घरात जनावर पाळायचं नाही असा हुकूम निघाला तेव्हा त्यांचा म्युशेल नावाचा बोका पशुवैद्याकडे नेऊन मारावा लागला. बायको एफा 'आर्य' होती आणि तिनं घटस्फोट घेतला नाही, म्हणून ते वाचले. अठराव्या शतकाच्या फ्रेंच साहित्यावर लिहायला पुस्तकंच उरली नाहीत, तेव्हा या माणसानं अभ्यासाला समोर जे होतं ते घेतलं: लोक काय बोलतात ते. डायरीत अशा नोंदींवर ते एक खूण करत, एल-टी-आय. लिंग्वा टेर्टिई इम्पेरिई, तिसऱ्या राइशची म्हणजे नाझी राजवटीची भाषा. सरकारला लघुरूपांचा सोस होता, त्याचीच ही टर. १९४७ मध्ये याच नावानं पुस्तक निघालं.

रूढ अर्थानं तो कोश नाही. पण कोश करायला लागणारं सगळं त्यात आहे, आणि ते कसं जमवलं ते वाचताना माझ्यासारख्या खुर्चीत बसून वही भरणारीला शरम वाटते. वर्तमानपत्र विकत घ्यायला बंदी. मग रस्त्यावरच्या भोंग्यातून आलेलं वाक्य, ट्राममधलं बोलणं, कारखान्यातल्या गप्पा. एफाच्या नावावर आणलेलं नाझी विचारवंत रोझेनबर्गचं पुस्तक घरझडतीत सापडलं, तर गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, माणसानं तेच त्यांच्या डोक्यात हाणलं. लिहिलेली पानं एफा थोडी थोडी करून पिर्ना गावी नेऊन द्यायची. तिथे आनेमारी क्योलर नावाच्या डॉक्टर मैत्रिणीनं ती सांभाळली. एक पान जरी सापडलं असतं तरी लिहिणारा, नेणारी, ठेवणारी आणि ज्यांची नावं त्यात आली ती सगळी माणसं संपली असती.

त्यांनी नोंदलेला पहिला नाझी शब्द मोठा वाटणाराही नाही: 'श्ट्राफएक्स्पेडित्सियोन', शिक्षेची मोहीम. पूर्वी त्यांच्या घरात घरच्यासारखा राहिलेला एक तरुण १९३३ साली भेटायला आला. गावातल्या कम्युनिस्टांना कसं रबरी दंडुक्यांच्या रांगेतून पळवलं, कसं एरंडेल पाजलं, हे त्यानं मजेत सांगितलं. रक्तबिक्त नाही, पण परिणाम झाला, अशा सुरात. मला त्या शब्दापेक्षा ते एरंडेल लक्षात राहतं. आणि हेही, की सांगणारा परका नव्हता. जेवणाच्या टेबलावर बसलेला घरचा मुलगा होता.

छोट्या जाहिराती हा क्लेम्पेररांचा आणखी एक खजिना. आपल्याकडे म्हातारी माणसं सकाळी पेपरात आधी श्रद्धांजलीचं पान उघडतात, तसे ते निधनाच्या जाहिराती वाचत. मुलगा 'फ्युरर आणि पितृभूमीसाठी' पडला असं छापलंय की नुसतं 'पितृभूमीसाठी'? घरच्यांनी 'अभिमानी शोकात' हे ठरीव शब्द वापरलेत की गाळलेत? जन्माला चांदणी आणि मृत्यूला क्रूस ही जुनी चिन्हं ठेवलीत की नाझींनी आणलेली रून, म्हणजे प्राचीन जर्मन लिपीतली, चिन्हं घेतलीत? एवढ्याशा चौकटीत एका घराचं राजकारण. जाहिरात देणाऱ्या बापाला कदाचित वाटत असेल की आपण काहीच बोललो नाही.

'फानाटिश' हा त्यांचा गाजलेला शब्द. धर्मवेडा, माथेफिरू. फ्रेंच विचारवंतांनी शिवीसारखा वापरलेला. नाझींनी त्याचं कौतुकाचं विशेषण केलं: फानाटिश निष्ठा, फानाटिश श्रद्धा. इथपर्यंत कुणीही सांगेल. माझा पेन थांबला तो पुढच्या नोंदीपाशी. ज्यूंना कोंबून ठेवलेल्या घरात राहणारी एक सुशिक्षित ज्यू बाई क्लेम्पेररांना सांगते, मी माझ्या मुलांना फानाटिश जर्मन करणार आहे. छळणाऱ्यांच्या तोंडचा शब्द छळ सोसणारीच्या तोंडी, तिच्या नकळत. त्यांनी तिला हटकलं, पण स्वतःलाही वगळलं नाही. शब्द हे विषाच्या बारीक मात्रेसारखे असतात, गिळताना कळत नाहीत, असं ते म्हणतात ते असल्या अनुभवातून. म्हणजे कोश करणाराही तेच पाणी पीत असतो. बाहेरून नमुना घेऊन तपासायची सोय नाही.

तोपर्यंत माझी वही साठ पानांवर गेली होती आणि माझी पंचाईत झाली होती. भडक शब्द सोपे होते. 'उंटरमेन्श', हीन माणूस. 'रासेनशांडे', वंशाला बट्टा. 'ग्लाइखशाल्टुंग', सगळ्यांना एका साच्यात बसवणं. ते नुसते पाहूनही अंगावर येतात, त्यांना कोशात कोंडता येतं. अडचण साध्या शब्दांची होती. 'एव्हाकुईरुंग', हलवणं. 'अक्त्सियोन', कारवाई. 'लागर', तळ किंवा गोदाम. 'आइनझाट्झ', कामाला लावणं, कामगिरी. यांतला एकही शब्द नाझींनी बनवलेला नाही, आणि यांतल्या एकाशिवायही त्यांचं काम झालं नसतं. आइनझाट्झचंच घ्या. १३ फेब्रुवारी १९४५ या दिवशी ड्रेस्डेनमध्ये उरलेल्या ज्यूंना नोटिसा वाटायचं काम क्लेम्पेररांवर आलं. कामासाठी बाहेरगावी जायचंय, तीन दिवसांनी हजर राहा. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. त्याच रात्री शहरावर बॉम्ब पडले, त्या गोंधळात एफानं चाकूनं नवऱ्याच्या कोटावरचा पिवळा तारा कापून काढला आणि दोघं निसटली. त्या नोटिशीतलं वाक्य आजच्या कुठल्याही कारखान्याच्या पत्रात खपून जाईल. माझ्या पत्रांत 'मॉन्टाज-आइनझाट्झ', जोडणीची कामगिरी, महिन्यातून चारदा असायचा.

या साध्या शब्दांच्या मागे लागलेला माणूस मला उशिरा सापडला. नाखमान ब्लुमेन्थाल, पोलंडमधले ज्यू शिक्षक. युद्धात सोव्हिएत मुलखात निघून गेले म्हणून जगले. मागे राहिलेली बायको आणि लहान मुलगा मारले गेले. परत आल्यावर ते ज्यू इतिहास आयोगाचं काम करू लागले. जर्मन कचेऱ्या घाईत टाकून गेलेल्या कागदांचे ढीग पुढ्यात. त्यांतून ते शब्द वेचत. एकेक शब्द, तो कुठल्या कागदावर, कुठल्या वाक्यात आला, आणि त्या वाक्यानंतर प्रत्यक्षात काय झालं. १९४७ मध्ये क्राकूवला त्यांच्या कोशाचा पहिला भाग छापून आला. पोलिश नावाचा अर्थ 'निरपराध शब्द'. माझ्या वहीचं नाव मी तिथूनच उचललंय, उगाच माझं म्हणून मिरवत नाही.

या नावावर मी पुष्कळ विचार केला. आधी वाटलं, हा उपरोध आहे. आता तसं वाटत नाही. कागदावर शब्द खरोखरच निरपराध आहेत. कोशकाराचं नेहमीचं हत्यार म्हणजे अर्थ, आणि इथे अर्थ शोधून काही हाती लागत नाही, कारण अर्थ तर कोशात आधीपासून बरोबरच दिलाय. इथे नोंद करायची असते ती शब्द कुणी, कुणाबद्दल, कुठल्या फॉर्मवर लिहिला याची. बायकोमुलाच्या मृत्यूनंतर माणूस सूड मागेल, वेडा होईल, मुका होईल. हा माणूस 'अ'पासून शब्द लावत बसला. ते काम करायला बसताना रोज सकाळी त्याला काय वाटत असेल, यापुढे माझी कल्पना जात नाही.

शब्दांनाही झीज असते. 'झोंडरबेहांडलुंग', खास वागणूक, हा ठार मारण्यासाठीचा कचेरीतला शब्द. काही वर्षांत तो इतका वापरला गेला की त्याचा पडदा विरला. १९४३ मध्ये एस-एस या नाझी दलाचे आकडेतज्ज्ञ रिचर्ड कोरहेर यांनी ज्यूंच्या संख्येचा अहवाल दलाचा प्रमुख हिमलर याला दिला. हिमलरच्या कचेरीतून एप्रिलमध्ये उलट पत्र आलं: 'ज्यूंची झोंडरबेहांडलुंग' हे शब्द कुठेही नकोत. त्याजागी लिहायचं, पूर्वेकडच्या प्रांतांतून रशियाच्या पूर्वेकडे वाहतूक. आणि पोलंडमधल्या छावण्यांतून इतके इतके 'दुर्खगेश्लॉइस्ट'. आकडा १२,७४,१६६. 'श्लॉइझ' म्हणजे कालव्यात होड्यांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर सोडायची झडप. पाणी भरतं, दार उघडतं, होडी पुढे जाते. या आकड्यातलं कुणीही पुढे गेलं नव्हतं. त्या पत्राचं भाषांतर मी एकदा सरावासाठी करून पाहिलं. फार सहज झालं. एकही शब्द अडला नाही. कारखान्याच्या पत्रांपेक्षा सोपी भाषा होती.

युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, हायडेलबर्गला 'दी व्हांडलुंग' नावाचं मासिक निघालं. त्यात डोल्फ श्टेर्नबेर्गर, गेर्हार्ड श्टोर्झ आणि विल्हेल्म एमानुएल झ्यूस्किंड या तिघांनी 'अमानुषाच्या कोशातून' असं सदर चालवलं. एकेका शब्दावर छोटा निबंध. त्यांनी शिव्या घेतल्या नाहीत, झेंड्यावरचे शब्द घेतले नाहीत. घेतले ते 'बेट्रॉयुंग', म्हणजे देखभाल, 'राउम', म्हणजे जागा, 'दुर्खफ्यूरेन', म्हणजे तडीस नेणं, असले. देखभालीतला 'ट्रॉय' म्हणजे निष्ठा, इमान. पण त्याच्या आधी 'बे' लागला की देखभाल ज्याची होते त्याला विचारायचं कारण उरत नाही. पोलीसही ज्यूंची 'बेट्रॉयुंग' करत होते.

यावर पुढे विद्वानांत जोरदार भांडण पेटलं, आणि ते मला भलतं आवडतं, कारण त्याच्या मुळाशी विभक्ती आहे. जर्मनमध्ये 'एखाद्याला माल देणं' यात तो माणूस चतुर्थीत असतो. त्याच क्रियापदाला 'बे' लावला की माणूस द्वितीयेत जातो, म्हणजे कर्माच्या जागी, वस्तूच्या रांगेत. लेओ व्हाइसगेर्बर यांनी १९५८ मध्ये 'द्वितीयेतला माणूस' असं म्हणत याचा धोका दाखवला. आधुनिक कारभार माणसाला चतुर्थीतून उचलून द्वितीयेत टाकतोय. विरोधकांचं म्हणणं, व्याकरणाला नीती नसते, गुन्हे माणसं करतात. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही, पण मलाही पहिला प्रश्न हाच पडला की मग 'इख लीबे दिख' चं काय करायचं? प्रेम करतानाही समोरचा माणूस द्वितीयेतच असतो.

हे भांडण मराठीत आणायचा मी प्रयत्न केला आणि तोंडावर आपटले. शाळेत घोकलेला तक्ता आठवा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. 'रामाला लाडू दिला' आणि 'रामाला मारलं', दोन्हीकडे राम तसाच, 'ला' तोच. बाईंनी संप्रदान आणि कर्म असा भेद फळ्यावर लिहून दिला होता म्हणून परीक्षेपुरता कळला. आपल्या भाषेत माणूस लाडवाचा धनी आहे की माराचा, हे त्याच्या प्रत्ययावरून ओळखता येत नाही. याचं वाईट वाटून घ्यावं की सुटलो म्हणावं, मला ठरवता आलेलं नाही.

आपल्याकडे भाषेचा विषय निघाला की गाडी भाषाशुद्धीवर जाते, आणि नाझींबद्दलही बहुतेकांची समजूत अशीच, की त्यांनी परके शब्द हाकलले असतील. उलट झालं. शुद्धीवाल्यांचा जुना संघ होता, १८८५ पासूनचा. १९३३ मध्ये त्याला वाटलं आता आपले दिवस आले. त्यांनी पुढाऱ्यांच्या भाषणांतले परके शब्दही दाखवून द्यायला सुरुवात केली. पुढाऱ्यांना ते रुचलं नाही, आणि १९४० च्या नोव्हेंबरात हिटलरच्याच फर्मानानं हा उद्योग थांबवला गेला. ज्या राजवटीला प्रोपागांडा, कॉन्झेन्त्रात्सियोन आणि श्टेरिलिझात्सियोन लागतं तिला शुद्धी परवडत नाही. अर्धवट कळणारा लॅटिन शब्द फार उपयोगाचा असतो. लिपीचंही तेच. 'अस्सल जर्मन' म्हणून डोक्यावर घेतलेली टोकेरी गॉथिक अक्षरं जानेवारी १९४१ मध्ये एका परिपत्रकानं ज्यूंची ठरवून बाद केली. परिपत्रकाच्या कागदाचं लेटरहेड मात्र त्याच अक्षरांत छापलेलं. नवीन कागद यायचा असेल.

वहीच्या 'अ'मध्ये एक नोंद आहे, 'आबश्टामुंग्सनाखव्हाइस', वंशाचा दाखला. कोर्नेलिया बेर्निंग यांनी १९६४ मध्ये नाझी शब्दांचा जो कोश काढला त्याच्या नावातला हा पहिलाच शब्द. त्याच बाईंनी पुढे १९९८ मध्ये, श्मिट्झ-बेर्निंग या नावानं, सातशेहून जास्त पानांचा मोठा कोश केला. आयुष्यभराचं काम. एकेका शब्दाची कुळकथा: नाझींच्या आधी तो कुठे होता, त्यांनी काय केला, पुढे काय झाला. वंशाच्या दाखल्यापाशी मला दर वेळी इरावती कर्वे आठवतात. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या, डालेममधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत. विषय, कवटीच्या दोन बाजूंतली असमानता. गोऱ्यांच्या कवटीत ती जास्त, असा फिशर यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाशी याचा संबंध दिसत नाही. गुरूंच्याच संस्थेत बसून. पुढे १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांच्या संस्थेतून वंशाबाबतचे अभिप्राय सरकारला जाऊ लागले. 'रासे' हा शब्द बाईंनाही प्रबंधात लिहावा लागलाच असणार. शब्द तोच. त्यांनी त्याच्यापुढे माप ठेवलं आणि माप जुळेना. माझ्या वहीत 'र'खाली ही नोंद मी लाल शाईनं लिहिलीय, कोशाच्या शिस्तीत ती बसत नसली तरी.

वही आता तिसरी चालू आहे. ब्लुमेन्थालांच्या छापील भागात अक्षरं 'आ'पासून 'इ'पर्यंत आहेत. जर्मन वर्णमालेत त्याच्या पुढचं अक्षर 'योट', म्हणजे इंग्रजीतला 'जे', आणि त्या अक्षरानं सुरू होणारा शब्द कुठला, हे सांगायला नको. दुसरा भाग तसा निघालाच नाही. माझ्या वहीतही ते पान मी अजून कोरं ठेवलंय. आळस म्हणा.

परवा रविवारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ड्रेस्डेनला असते, तांत्रिक विद्यापीठात, क्लेम्पेररांच्याच. तिला ते ठाऊक आहे, मीच सांगून सांगून जीव नको केलाय. मागे खिडकीत तिनं लावलेली कोथिंबीर दिसत होती, कुंडीतून आडवी झालेली. प्रबंधाचं विचारलं तर खुशीत होती. "अगं मावशी, माझे बेट्रॉयर इतके चांगले आहेत ना, रात्री अकराला मेल केली तरी उत्तर देतात."

बेट्रॉयर. तिकडे प्रबंधाच्या मार्गदर्शकाला सरळ हाच शब्द आहे. देखभाल करणारे. वही माझ्या समोर टेबलावरच होती, 'ब'च्या पानावर उघडी.

"छानच की," म्हटलं. "आणि कोथिंबिरीला पाणी घाल, मान टाकलीय तिनं."